पाठीवरची गादी

आमच्या खोक्यांच्या कारखान्यात त्याला सगळे ‘नमुना’ म्हणायचे. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण ठेवणाऱ्यानं फार डोकं खाजवलं नसणार. त्याचं कामच नमुने करण्याचं. साबणाचं असो, बुटांचं असो की औषधाच्या बाटलीचं, नवं खोकं निघायचं म्हणजे साचा बनवण्याआधी एक खोकं हातानं करून बघावं लागतं. कोरा पांढरा पुठ्ठा घ्यायचा, मापं टाकायची, कटरनं कापायचा, घडीच्या रेघा बोथट पातं दाबून ओढायच्या, मग दुमडून चिकटवायचं. गिऱ्हाइकानं ते हातात फिरवून मान हलवली की पुढचं सगळं यंत्रं बघतात. कोरा नमुना रद्दीत जातो.

रद्दीत जाण्याआधी हा त्याच्यावर चित्रं काढायचा.

मी शेजारच्या टेबलावर. छोट्या ऑर्डरी यंत्रावर घालायला मालकाला परवडत नाहीत, त्या आम्ही बायका हातानं चिकटवतो. बाकीच्या चिकटवतात आणि मी त्यांच्यावर ओरडते, असंही म्हणता येईल. सगळे मला नुसतं ‘बाई’ म्हणतात. त्यात आदर किती आणि धास्ती किती हे मी कधी विचारलेलं नाही. कण्हत-कुंथत काम करणारी माणसं मला चालत नाहीत. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं सगळं कुणा हळव्या बाईनं लिहिलंय असं वाटायचं.

नमुन्यानं चाळिशी केव्हाच ओलांडलेली. लग्न नाही, आईवडील गेलेले, एका अरुंद गल्लीत तिसऱ्या मजल्यावर एक खोली. कामाला हात इतका नेटका की त्याच्या घडीत केस जायचा नाही, पण बोलणं मात्र ‘हो’, ‘नाही’ आणि ‘झालं’ एवढ्यावर भागायचं. मधूनच आठवडाभर गायब व्हायचा. परत आला की दाढी वाढलेली आणि शर्टाची बटणं वर-खाली. विचारलं तर म्हणायचा, ताप होता. तो ताप नव्हता. डॉक्टरनं त्याला डिप्रेशन असं नाव दिलं होतं आणि गोळ्या दिल्या होत्या. आमच्याकडे त्याच दुखण्याला आळस म्हणत आणि औषध म्हणून टोमणे देत.

तर ती चित्रं. खोक्याला चार बाजू, प्रत्येक बाजूला एक चौकट, असं त्याचं कॉमिक्स. चौकटीत माणूस एकच, तो स्वतः. अंगात बनियन, आल्याच्या गाठीसारखं नाक, उभे राहिलेले केस आणि पाठीवर दोरीनं बांधलेली गुंडाळलेली गादी. ही गादी कधी सुटायची नाही. कामावर गादी, दुकानाच्या रांगेत गादी, एकदा तर न्हाव्याच्या खुर्चीतसुद्धा गादी आणि न्हावी बिचारा मागून मान शोधतोय. जेवणाच्या सुट्टीत हा चित्र काढायला बसला की हात असा भराभर चालायचा, की सकाळी चपला पायात घालायला ज्याला युगं लागतात तो हाच का, असं वाटावं.

एकदा मी विचारलंच, “अरे, ही गादी कशासाठी रे?”

“अंथरूण धरलंय बाई मी,” तो म्हणाला. “पण नोकरी सुटत नाही ना. मग अंथरूण घेऊनच यावं लागतं.”

सगळं टेबल खो खो हसलं. मीही हसले. हसणारच, कारण तो बोललाच तसा होता. त्याचं हेच मोठं दुर्दैव होतं. दुःख सांगायला तोंड उघडायचा आणि बाहेर विनोद पडायचा.

आता आमच्या धंद्यातली एक सवय सांगते, कारण घोडं तिथंच पेंड खातं. चिकटवलेलं खोकं आम्ही उभं ठेवत नाही. चपटं करून थप्पी लावतो. चपट्या खोक्याच्या दोनच बाजू वर दिसतात, उरलेल्या दोन खाली जातात. आणि आमच्याकडे माणूस कामाला लागला की त्याला पहिल्याच दिवशी दरडावून सांगतात: चपटं खोकं उघडायचं नाही आणि पालथं करायचं नाही. उघडलं की घडी सैल पडते आणि गिऱ्हाईक माल परत पाठवतं. दरडावणारी मीच. त्यामुळे नमुन्याची खोकी कारखानाभर फिरायची, लोक जेवता जेवता ती वाचायचे, पण ती कुणी उघडायचं नाही की उलटायचं नाही. हाताला तसं वळणच नव्हतं. सगळे पहिल्या दोन चौकटी वाचायचे, आणि गंमत नेमकी पहिल्या दोनांतच असायची.

मी एक उघडलं ते चित्रासाठी नव्हे, गोंदासाठी. त्याच्या नमुन्याचा काठ उचकटलेला दिसला म्हणून मी खोकं हातात घेतलं आणि फुगवलं. पहिल्या दोन चौकटी मला पाठ होत्या. बसमध्ये कंडक्टर विचारतो, ‘गादीचं तिकीट?’ आणि नमुना म्हणतो, ‘तिचा पास आहे.’ या दोन चौकटींवर आमचं टेबल आठवडाभर हसत होतं. तिसरीत संध्याकाळ होती. बसमधली सगळी माणसं आपापल्या दारात पिशव्या खाली ठेवत होती, आणि कुणीतरी आतून प्रत्येकाची पिशवी घेत होतं. नमुनाही आपल्या खोलीत पाठीवरची दोरी सोडत होता. चौथीत गादी वर होती आणि तो खाली. नुसतं नाक बाहेर. वर फुगा नव्हता, बोलणं नव्हतं, काही नव्हतं.

मी हसले नाही. मला रागच आला, तो कुणाचा ते मात्र कळेना. खोकं घेऊन त्याच्या टेबलाशी गेले.

“हे असं मागच्या बाजूला कशाला लपवतोस?”

“लपवलं कुठं बाई? चारी बाजूंना काढलंय. लोकच दोन बघतात.”

“मग सांगावं माणसानं. तोंडाला काय कुलूप लावलंय?”

तो कटरचं पातं पुसत राहिला. मग म्हणाला, “ताई वाचते की.”

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. ती दुसऱ्या गावी राहायची, बसनं गेलं तर अख्खा दिवस मोडेल इतकं लांब. शाळेच्या ऑफिसात नोकरी करून निवृत्त झालेली, नवरा गेलेला, एकुलता मुलगा कुठं दूरदेशी. पूर्ण झालेलं प्रत्येक खोकं नमुना चपटं करून पाकिटात घालायचा आणि तिला धाडायचा. ती आमच्या धंद्यातली नव्हती, म्हणून असेल, पण ती पाकीट फोडून पहिलं काम करायची ते खोकं उभं करण्याचं. मग हातात गोल फिरवत वाचायची. चौथीनंतर पुन्हा पहिली येते, तिथंही थांबायची नाही. आणि दर रविवारी सकाळी फोन करायची.

त्या फोनवर ती ‘कसा आहेस’ असं विचारायची नाही. विचारायची, “गादी किती जड आहे रे?” आणि तो खरं सांगायचा. “या आठवड्यात भिजल्यासारखी.” किंवा, “कालपासून जरा कोरडी आहे.” मग ती त्याला फोन तसाच चालू ठेवून उठायला लावायची. तिकडे ती भांडी घासायची, इकडे हा घासायचा. तिकडे ती न्हाऊन यायची, इकडे हा. दोघं एकमेकांना फार काही बोलायचेसुद्धा नाहीत, नळाचे आवाज ऐकायचे. दुपारपर्यंत चालायचं हे. हे सगळं त्यानं मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, नमुने कापता कापता, माझ्याकडे न बघता. त्याच्या आठवड्यात तेवढी एकच गोष्ट होती. बाकीचे सगळे दिवस तो त्या फोनच्या बळावर ढकलायचा. हे मी कल्पनेनं म्हणत नाही. एका रविवारी ताईच्या गावच्या लाइनी बंद पडल्या आणि फोन आला नाही, तर हा पुढचे कितीतरी दिवस कामावर उगवला नाही, आणि उगवला तेव्हा कपडे अंगावर लोंबत होते.

ताईचा मुलगा तिला आपल्याकडे राहायला बोलवत होता. नातवंडं झाली होती. ती जात नव्हती. “तू एकटा पडशील,” असं तिनं त्याला कधी म्हटलं नव्हतं. नुसतं म्हणायची, “तिकडची थंडी मला नाही सोसायची.”

मग बल्बचं खोकं आलं.

बल्बच्या कंपनीला नवं खोकं हवं होतं. नमुन्यानं कोरं करून दिलं, पसंत झालं, आणि सवयीनं त्यानं त्याच्यावर कॉमिक्स काढलं. पहिल्या चौकटीत त्याच्या खोलीतला बल्ब जातो. दुसरीत तो अंधारात गादीला टेकून म्हणतो, ‘बरं झालं. खरकटी भांडी दिसायची बंद झाली.’ तिसरीत दारावर थाप पडते आणि तो श्वास रोखून बसतो. चौथीत बाहेरून आवाज येतो, ‘घरात कुणी नाही वाटतं,’ आणि आत काळ्या चौकटीत दोन डोळे आणि एक छोटा फुगा: ‘बरोबर.’

त्याच सुमारास कंपनीचा जाहिरातवाला मालकाकडे आला होता. गोरागोमटा, बोलका, हातात सारखा फोन. नमुन्याच्या टेबलावर ते खोकं चपटं पडलं होतं. त्यानं वरच्या दोन चौकटी वाचल्या आणि इतक्या मोठ्यांदा हसला की यंत्रावरच्या माणसांनी वळून बघितलं.

“हे कुणी काढलं? अहो, हेच छापू की आपण खोक्यावर!”

मालकाची छाती फुगली. जन्मात कधी ज्याच्या टेबलाशी थांबले नव्हते, त्या नमुन्याच्या खांद्यावर त्यांनी हात टाकला. “आमचा कलाकार आहे हा,” म्हणाले. कालपर्यंत हाच माणूस त्यांच्या लेखी कामचुकार होता. असो.

नमुना उठून उभा राहिला आणि पहिल्यांदाच मी त्याला समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलताना ऐकलं. “छापायचं तर चारी बाजू छापा,” तो म्हणाला.

“हो हो, बघू की.” जाहिरातवाल्यानं खोक्याचा फोटो काढला. अर्थात, वरच्या बाजूचाच.

तेव्हा मला राहवलं नाही. मी टेबल सोडून आले, खोकं उचललं, फटकन उघडलं आणि त्याच्या नाकासमोर धरलं. “बघू कशाला? आत्ताच बघा. चार आहेत. फिरवा.”

त्यानं फिरवलं. हसू हळूहळू उतरत गेलं. चौथी चौकट वाचून त्यानं माझ्याकडे बघितलं, अंबाड्यापासून नाकावर घसरलेल्या चष्म्यापर्यंत नीट बघितलं, जणू हा शेवट मीच काढला होता. मग म्हणाला, “छान आहे हो. खूप खोल आहे. पण बाई, माणूस शेवटपर्यंत अंधारातच बसणार असेल तर आमचा बल्ब विकत कोण घेणार?”

त्याचं खरंच होतं. बल्बच्या खोक्याला बल्ब विकायचा असतो. जाताना तो ते खोकंच बरोबर घेऊन गेला, त्यामुळे ताईला तेवढं एक खोकं गेलंच नाही.

काही दिवसांनी कंपनीकडून चित्रं आली. चार चौकटी, मागितल्याप्रमाणे. पहिल्या दोन नमुन्याच्याच. तिसरीत दार उघडलेलं, आणि दारात शेजारीण, हातात नवा बल्ब. चौथीत लख्ख उजेड, नमुना आणि शेजारीण चहा पीत हसतायत. शेजारणीला अंबाडा होता आणि नाकावर घसरलेला चष्मा. मेल्यानं मलाच काढलं होतं! टेबलावरच्या बायकांना आयतंच कोलीत मिळालं. पण मी बघत होते ते दुसरंच. नमुन्याच्या पाठीवर गादी नव्हती. पहिल्या दोन चौकटींतूनही खोडली होती. वर चिठ्ठी होती: ‘मागचं गाठोडं काढलं आहे, लोकांना अर्थ लागत नाही.’

मालकांनी त्याच्यापुढे कागद सरकवला. नमुन्यानं चित्र बघितलं, फार वेळ बघितलं, आणि सही केली.

“अरे, नाही म्हण ना!” मी नंतर त्याला फैलावर घेतलं. “तुझं चित्र, तुझं नाक, आणि तू खुशाल सही करून मोकळा?”

“नाही म्हणायला अंगात जीव लागतो बाई,” तो म्हणाला. “एकदा म्हटलं होतं, चारी बाजू छापा. तेवढाच होता.”

बल्ब बाजारात आले. आमच्या गावातल्या दुकानात, पलीकडच्या गावातल्या दुकानात, आणि ताईच्या गावातही. ताईनं ते नाक ओळखलं.

सोमवारी नमुना कामावर आला आणि कटर हातात न घेता नुसता बसून राहिला. मला वाटलं, लागला पुन्हा ताप. जवळ गेले.

“ताई रडली काल फोनवर,” तो म्हणाला.

“का रे? काय झालं?”

“आनंदानं. खोकं बघितलं तिनं दुकानात. तिथंच उभं करून वाचलं म्हणे, दुकानदार बघतच राहिला. म्हणाली, तुझ्या पाठीवर गादी नाही रे. म्हणाली, शेजारीण आहे, चहा आहे, मला बोलला का नाहीस इतके दिवस?”

“मग तू सांगितलंस ना, की ते तुझं नव्हे?”

त्यानं टेबलावरची पट्टी पुढ्यात ओढली.

“अरे, सांगितलंस की नाही?”

“तोंडानं मी ताईशी खोटं बोललोय बाई. जेवलो म्हणून, गोळी घेतली म्हणून. चित्रात कधीच नाही. म्हणून चित्रावर तिचा विश्वास आहे.” त्यानं पट्टी सरळ केली, पुन्हा वाकडी केली. “आणि ती हसत होती. रडत होती आणि मध्येच हसत होती. ताई अशी हसते हे मी विसरूनच गेलो होतो. आई असताना हसायची तशी. मला सांगायचंच होतं. तोंड उघडलं, आणि म्हणालो, हो गं, बरा आहे आता.”

मी त्याला नको नको ते बोलले. मूर्ख म्हटलं, अक्कल गहाण टाकलीस म्हटलं, आत्ताच्या आत्ता फोन कर म्हटलं. माझं सगळं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. “इतकी वर्षं मी तिच्या गळ्यातली धोंड आहे,” एवढंच तो म्हणाला. “एकदा उतरली तर पुन्हा कशी बांधू?”

धोंड खरंच उतरली. ताईनं मुलाकडे जायचं ठरवलं. थंडी एकाएकी सोसायला लागली. घर आवरलं, सामान वाटलं, आणि निघण्याआधी भावाला भेटायला आली. त्याच्या खोलीवर नाही, त्यानं तिला खोलीवर नेलंच नाही. कामातून सुट्टी नाही म्हणाला आणि कारखान्यातच बोलावलं. खोली तिनं बघितली असती तर चौथी चौकट तिथल्या तिथं फाटली असती.

ठेंगणीठुसकी बाई, पांढरे केस, नाक अगदी त्याचंच. हातात सगळ्यांसाठी खाऊचा डबा. मालकांना भेटली, यंत्रावरच्यांना भेटली, “माझ्या भावाला सांभाळलंत,” असं ज्याला त्याला म्हणत होती, आणि ज्यांनी त्याला जन्मभर टोमणे मारले ते मान खाली घालून खाऊ घेत होते. मग तिची नजर माझ्यावर पडली. अंबाड्यावर, मग चष्म्यावर. तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू.

“तुम्हीच ना?” ती म्हणाली. “चहावाल्या शेजारीणबाई?”

नमुना तिच्या मागे उभा होता. त्यानं काही खूण केली नाही, हात जोडले नाहीत, नुसतं बघत होता. मी उभ्या आयुष्यात कुणाची भीड ठेवलेली नाही. खरं काय ते तोंडावर सांगते, मग तो मालक असो की जावई. आणि त्या बाईच्या तोंडाकडे बघून मी म्हणाले, “हो. मीच.”

तिनं माझे गोंदानं माखलेले दोन्ही हात धरले. “आता मी निवांत जाते,” म्हणाली. “तुम्ही आहात ना.”

“आहे की,” मी म्हणाले.

शब्द दिला तर पाळायचा, ही माझी खोड. ताई गेल्यावरच्या पहिल्याच रविवारी मी त्याच्या गल्लीत गेले. तिसरा मजला चढले. त्याला आदल्या दिवशी कामावरच बजावून ठेवलं होतं, की मी येणार आहे, सबबी चालणार नाहीत. खोली त्यानं आवरली होती. घाईघाईनं फिरवलेल्या झाडूचे फराटे लादीवर दिसत होते, भांडी धुतलेली पण ओली, खिडकीशी कपड्यांचा ढीग आणि त्यावर चादर. गादी भिंतीला उभी करून ठेवली होती. एवढं करण्यात त्याचा जीव निघाला होता. कपाळावर घाम होता. खुर्ची एकच, ती मला दिली. तो डब्यावर बसला.

त्यानं चहा केला. साखर संपली होती, ते चहा ओतल्यावर त्याच्या लक्षात आलं. मी म्हणाले, मला बिनसाखरेचाच आवडतो. मग आम्ही बसलो. मी कारखान्यातलं बोलले, मालकांच्या नव्या गाडीचं बोलले, बायकांच्या भांडणांचं बोलले. तो योग्य जागी मान हलवत होता, एक-दोनदा हसलाही, आणि प्रत्येक वेळी ते हसू कुठून तरी खोलातून ओढून आणल्यासारखं. मला तासाभरात कळून चुकलं की मी त्याच्यासमोर बसले होते, त्याच्याबरोबर नव्हे. त्याच्या दुखण्याला माझ्या गप्पांचा काहीएक उपयोग नव्हता. मी निघाले असते तर त्याला बरंच वाटलं असतं. तरी तो घड्याळाकडे बघत होता ते माझ्या जाण्यासाठी नव्हे.

फोन वाजला.

त्याचा चेहरा बदलला. इतकी वर्षं आम्ही शेजारी काम करतोय, पण त्या क्षणी तो मला पहिल्यांदा नीट दिसला म्हणायचा. पाठ सरळ झाली. दुसरी घंटा व्हायच्या आत त्यानं फोन घेतला.

“ताई,” तो म्हणाला. पोहोचलीस का, प्रवास कसा झाला, थंडी आहे का, एका दमात तीन प्रश्न. तीन प्रश्न सलग विचारताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

ताईचा आवाज मला खुर्चीवर बसून ऐकू येत होता. पलीकडे लहान मुलांचा दंगा चालला होता. “सगळं छान आहे रे. तू सांग. एकटा आहेस की आल्यात त्या?”

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी काय करायला हवं होतं ते मला आजही कळत नाही. मी मोठ्यानं म्हणाले, “आहे हो ताई, इथंच बसलेय!”

“अगं बाई!” ती हसली. काय सुरेख हसायची ती. “चहा चाललाय वाटतं? मग मी कशाला मध्ये कडमडू? चालू द्या तुमचं. ठेवते रे, पुढच्या रविवारी बोलू.”

आणि तिनं फोन ठेवला.

तो फोन कानाला लावून तसाच बसला. मग खाली ठेवला. नळ ठिबकत होता, तेवढाच आवाज.

“परत लाव,” मी म्हणाले. “सांग, मी गेले. हे बघ, मी चालले, चपला घातल्या.”

“नको बाई.”

“अरे, लाव म्हणते ना! पुढच्या रविवारी मी येत नाही. तू सांग तिला, एकटाच आहे म्हणून.”

“एकटा आहे म्हटलं तर ती विचारेल, का? मग सगळं सांगावं लागेल. आणि सांगितलं तर ती येईल परत.” तो अगदी शांतपणे बोलत होता, दुसऱ्या कुणाचं तरी बोलावं तसं. “नातवंडांना सोडून येईल. तिला मी ओळखतो.”

मी दारात उभी राहिले. शेवटी विचारलं, “मग मी येऊ की नको?”

“रागावू नका,” तो म्हणाला. “पण तुम्ही आलात की मला उठून बसावं लागतं.”

मी रागावले नाही. पायऱ्या उतरताना मात्र जाहिरातवाल्याला, मालकाला, त्याला आणि मला, सगळ्यांना मनात शिव्या घातल्या. कुणाला घातलेली शिवी नेमकी लागली असं वाटलं नाही. प्रत्येकानं त्याच्या भल्याचंच केलं होतं.

तो अजून कामावर येतो, बऱ्याच वेळा येतही नाही. खोकी कोरीच राहतात आणि कोरीच रद्दीत जातात. रविवारी सकाळी ताईचा फोन येतो. ती विचारते, आल्यात का त्या? तो हो म्हणतो. मी त्या वेळी माझ्या घरी असते. ती म्हणते, चालू द्या तुमचं, आणि ठेवते.